डीआर मीटर आणि त्याचा डेटाबेस : कान किटवणाऱ्या रेकॉर्डिंगच्या विरोधात हातात काहीतरी ठोस आलं

ज्या गोष्टीचा रिव्ह्यू लिहितेय ती फुकट मिळते, तरीही मनापासून लिहितेय. मोठ्याने करून ठेवलेल्या रेकॉर्डिंगचा ज्यांना ज्यांना त्रास होतो त्यांच्या हातात द्यावं असं याच्याइतकं ठोस मला दुसरं काही सापडलेलं नाही. डीआर मीटर म्हणतात त्याला, डीआर म्हणजे डायनॅमिक रेंज, गाणं किती दाबून मोठं केलंय ते एका आकड्यात सांगणारं सॉफ्टवेअर, आणि लोकांनी मोजलेले आकडे जिथे जमा होतात तो डायनॅमिक रेंज डेटाबेस. सात-आठ महिने झाले दोन्ही वापरतेय. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा कुठे कापला ते पुढे सांगते.

सुरुवात झाली एका सीडीपासून. माझ्या अत्यंत आवडत्या बँडचा जुना अल्बम, ज्याची कॅसेट मी पट्टी सैल होईपर्यंत ऐकली होती आणि नंतर सीडीही घेतली होती, तो रिमास्टर्ड, म्हणजे जुन्याच रेकॉर्डिंगचा आवाज पुन्हा जुळवलेला, म्हणून नव्याने बाजारात आला आणि मी पहिल्याच आठवड्यात घेतला. घरी येऊन लावला, पहिली पाच मिनिटं वाटलं वा, काय जोरदार वाजतंय, आणि अर्ध्या तासात डोकं जड झालं. चौथ्या गाण्याला मी तो बंद केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, पुन्हा तेच. हेडफोन बदलले, स्पीकर बदलले, आवाज कमी केला तर गाणं मेल्यासारखं वाटायचं आणि वाढवला तर कानात घुसायचं. मला खरंच वाटलं होतं की आपले कान आता आधीसारखे राहिले नाहीत. हे फार वाईट वाटणं असतं हो, जे गाणं आयुष्यभर जपलं तेच ऐकवत नाही आणि कारण कळत नाही.

कारण कळलं ते मीटरमुळे.

आधी एक गोंधळ दूर करते कारण मी स्वतः त्यात अडकले होते. इथे कॉम्प्रेशन म्हणजे एमपीथ्री करताना फाईल लहान करतात ते नाही. हे वेगळं. गाण्यातला मोठा आवाज दाबायचा, मग सगळंच वर उचलायचं, पुन्हा दाबायचं, पुन्हा उचलायचं, असं करत करत हळू आणि मोठा यातला फरकच संपवून टाकायचा. डिजिटलला एक छत असतं, शून्य डेसिबल, त्याच्या वर काही जातच नाही. तर टोकं, म्हणजे आवाजाचे सगळ्यात उंच क्षण, त्या छताला टेकली की पुढे आवाज मोठा करायचा एकच रस्ता उरतो, टोकं छाटा आणि खालचं सगळं वर ढकला. लिमिटर नावाचं साधन हेच करतं. १९९४ साली वेव्हज कंपनीचा एल१ हा लिमिटर आला, तो येणारं टोक आधीच ओळखून दाबायचा, आणि तिथपासून हे काम फार सोपं झालं. त्याआधी मोठ्या आवाजाची शर्यत नव्हती असं नाही, ज्यूकबॉक्सच्या काळातही आपली सिंगल शेजारच्या सिंगलपेक्षा जोरात वाजावी म्हणून धडपड चालायचीच, पण तबकडीवर आवाज मोठा करायचा तर खाच रुंद होते, जागा संपते, सुई उडते, म्हणजे वस्तूच तुम्हाला थांबवायची. १९८२ मध्ये सीडी आली, १६ बिटची, म्हणजे जवळजवळ ९६ डेसिबलची जागा, एवढी ऐसपैस जागा संगीताला आधी कधीच मिळाली नव्हती, आणि दहा-पंधरा वर्षांत आपण काय केलं तर सगळं सामान छताला नेऊन चिकटवलं आणि खालची अख्खी खोली रिकामी ठेवली. मला याचा अजूनही राग येतो.

बरं, करतात का असं? कारण मोठा आवाज पहिल्या क्षणी छानच वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की आवाज हळू असला की कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, आवाज वाढला की तेच भरून येतात. म्हणून दोन गाणी पाठोपाठ लावली की जे जरा मोठं ते भरदार वाटतं. पण ही तुलना दहा सेकंदांची असते, अल्बम पाऊण तास ऐकायचा असतो.

आता मीटर. मी फूबार हा म्युझिक प्लेअर वापरते, त्याला डीआर मीटरचा कंपोनंट जोडता येतो. गाणी निवडायची, राईट क्लिक, मोजायला सांगायचं, पंधरा-वीस सेकंदांत अख्ख्या अल्बमचा निकाल समोर. मूळ पद्धत आणली प्लेजराईज म्युझिक फाउंडेशनने, फ्रीडेमान टिशमायर हे मास्टरिंग इंजिनिअर, म्हणजे छापायच्या आधी अल्बमचा आवाज शेवटचा जुळवणारे, त्यामागे होते. हिशोब असा की गाण्याचे ३ सेकंदांचे तुकडे करायचे, त्यातले सगळ्यात जोरदार २० टक्के तुकडे घ्यायचे, त्यांची सरासरी ताकद काढायची, आणि गाण्यातल्या दुसऱ्या नंबरच्या उंच टोकाशी तिची तुलना करायची. दुसऱ्या नंबरचं का, तर एखादं चुकून आलेलं टोक सगळा आकडा बिघडवू नये म्हणून. जो फरक येतो तो डीआर. डीआर १४ असेल तर ठोके भोवतालच्या आवाजापेक्षा चांगले उठून दिसतात, डीआर ५ असेल तर ठोका आणि भोवताल जवळजवळ एकाच उंचीला आलेत.

माझी जुनी सीडी कपाटातून काढली आणि दोन्ही मोजल्या. जुनी १३. नवीन ६.

मी तो आकडा किती वेळ बघत बसले असेन. कान बिघडले नव्हते माझे.

मग ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही उघडल्या, तिथे आवाजाचा आलेख दिसतो. त्या अल्बममधलं दुसरं गाणं, आधी एकटी गिटार, मग बाई अगदी जवळ येऊन बोलावं तसं गाते, आणि दोन मिनिटांच्या जरा आधी ड्रम येतात. जुन्या सीडीवर सुरुवातीची रेष बारीक आहे आणि ड्रम आले की एकदम काटे उभे राहतात, एकेक काटा वेगळा मोजता येतो. नवीनवर सुरुवातीपासूनच जाड पट्टा, आणि ड्रम येतात तिथे पट्टा तेवढाच जाड. दिसायला फळकुट. मी एका स्नेअर ड्रमच्या ठोक्यावर झूम करत गेले, अगदी एकेक सॅम्पल, म्हणजे आवाजाची एकेक नोंद, दिसेपर्यंत, जुन्यात टोक वर जाऊन खाली येतं, नवीनमध्ये टोक वर गेलं आणि सपाट, ओळीने ११ सॅम्पल एकाच उंचीवर. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असतात म्हणजे ही सपाटी पाव मिलिसेकंदाची आहे, वाटतं काय एवढं, पण प्रत्येक ठोक्याला ती आहे. आणि त्याहून वाईट म्हणजे ड्रम आले की लिमिटर दाबतो आणि त्या दाबण्यात गाणाऱ्या बाईचा आवाजही प्रत्येक ठोक्याला खाली जातो आणि पुन्हा वर येतो. एकदा लक्षात आलं की मग तेच ऐकू येतं. तिने श्वास सोडलेला जुन्या सीडीवर ऐकू येतो, नवीनवर तो श्वास आणि तिची सगळ्यात मोठी हाक, दोन्ही सारख्याच उंचीचे.

एक गोष्ट सगळ्यांनी करून बघा, फार डोळे उघडतात. प्लेअरमधलं रिप्लेगेन, म्हणजे गाण्यांची पातळी आपोआप सारखी करणारी सोय, चालू करा. दोन्ही आवृत्त्या सारख्या पातळीवर आणून मग ऐका. माझ्या दोन सीडींमध्ये सात डेसिबलच्या वर फरक निघाला, तो काढून टाकल्यावर जी आधी जोरदार वाटत होती तीच चपटी, दूरची, कागदी वाटायला लागली. घरच्यांना न सांगता दोन्ही ऐकवल्या, ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांनीही जुनीकडेच बोट दाखवलं.

डेटाबेसबद्दल. हजारो अल्बम आहेत, एकाच अल्बमच्या वेगवेगळ्या आवृत्त्या एकाखाली एक, वर्षासकट, आणि रंगही दिलेत, ७ पर्यंत लाल, ८ ते १३ पिवळे, १४ पासून हिरवे. एखादा जुना गाजलेला अल्बम शोधा आणि वर्षाप्रमाणे लावा, ऐंशीच्या दशकातली सीडी वर आणि मग प्रत्येक नव्या रिमास्टरबरोबर आकडा एकेक पायरी उतरत जातो, असं इतक्या अल्बमच्या बाबतीत दिसतं की मन विषण्ण होतं. पण खरेदीसाठी याच्याइतकी उपयोगी जागा नाही. आता मी कुठलीही आवृत्ती घ्यायच्या आधी इथे बघते, आणि चार वेळा नवीन महाग बॉक्स सेट सोडून जुनी वापरलेली सीडी घेतली, चारही वेळा समाधान झालं.

आणि आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. आकडा हातात असला की बोलता येतं. नुसतं "आवाज फार मोठा आहे" म्हटलं की समोरचा म्हणतो व्हॉल्यूम कमी कर. मला स्वतःला त्या कंपनीच्या ग्राहक सेवेकडून हेच उत्तर आलं होतं, दोन ओळींचं, सीडी सदोष नाही, कृपया आवाज कमी ठेवून ऐका. बोलणंच खुंटलं. पण लोक एकत्र येऊन बोलले की ऐकलं जातं हे आधी घडून गेलंय. सप्टेंबर २००८ मध्ये मेटालिका या बँडचा डेथ मॅग्नेटिक अल्बम आला. तोच अल्बम गिटार हीरो या व्हिडिओ गेममध्येही आला होता आणि गेममधल्या ट्रॅकवर ते शेवटचं दाबणं झालेलं नव्हतं. चाहत्यांनी दोन्हीचे वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचे आलेख, शेजारी शेजारी ठेवले, आणि वाद संपला, कारण तेच वादन, तेच गाणं, एकीकडे श्वास आहे आणि दुसरीकडे भिंत. सीडीचा डीआर ३. अल्बम पुन्हा मिक्स किंवा मास्टर करा म्हणून ऑनलाइन अर्जावर दहा हजारांच्या वर सह्या झाल्या. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनी एका चाहत्याला कळवलं की त्यांच्याकडे आले तेव्हाच मिक्स, म्हणजे सगळी वाद्यं एकत्र केलेले ट्रॅक, भिंतीसारखे दाबलेले होते. विचार करा, ज्याचं नाव सीडीवर आहे त्यालाच ते मनाविरुद्ध वाटत होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गन्स अँड रोझेसचा चायनीज डेमोक्रसी आला, मास्टरिंग करणारे बॉब लडविग यांनी त्यांना तीन प्रकारचे मास्टर, म्हणजे छपाईच्या अंतिम प्रती, ऐकवले होते आणि त्यांनी त्यातला सगळ्यात मोकळा, कमी दाबलेला निवडला. रश या बँडच्या व्हेपर ट्रेल्सचं तर मला सगळ्यात जास्त कौतुक, २००२ चा अल्बम, चाहते वर्षानुवर्षं तक्रार करत राहिले, बँडलाही तो सलत होता, आणि २०१३ मध्ये अख्खा अल्बम नव्याने मिक्स होऊन आला. अकरा वर्षं लागली, पण आला. रेड हॉट चिली पेपर्सच्या १९९९ च्या कॅलिफोर्निकेशनसाठीही असाच सह्यांचा अर्ज फिरला होता.

म्हणजे इंजिनिअर लोक आपल्याच बाजूचे आहेत, हे मला यातून कळलं. चार्ल्स डाय आणि त्यांच्या सोबत्यांनी २००७ मध्ये टर्न मी अप नावाची संस्था सुरू केली, मोकळ्या रेकॉर्डिंगवर शिक्का असावा म्हणून. इयन शेफर्ड या मास्टरिंग इंजिनिअरने २०१० पासून डायनॅमिक रेंज डे चालवला. ते रोज हे काम करतात, त्यांना समोरून सांगितलं जातं की अजून मोठं कर, आणि त्यांना "नको, लोकांना हे आवडत नाही" असं म्हणायला पुरावा लागतो. तो पुरावा आपण द्यायचा, ऐकणाऱ्यांनी.

आता अर्धा स्टार कुठे गेला. पहिलं म्हणजे नाव फसवं आहे. डायनॅमिक रेंज म्हटलं की आपल्याला वाटतं सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठा यातलं अंतर, पण मीटर फक्त जोरदार २० टक्के तुकडेच बघतो, त्यामुळे गाण्याची सुरुवात कितीही हळुवार असली तरी आकड्यात ती दिसत नाही. दुसरं, वाद्यावाद्यात फरक असतो. ऑर्गन, फुटक्या आवाजाची गिटार, यांना मुळातच टोकं कमी, त्यांचा आकडा कोणी न दाबताही कमी येतो. म्हणून दोन वेगवेगळ्या संगीताचे आकडे एकमेकांशी लावू नका, त्याच अल्बमच्या दोन आवृत्त्या लावा, तिथे मीटर खरा बोलतो. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, तबकडीवरून घेतलेल्या फाईलचा आकडा फुगतो. सुई, प्रीअँप, या सगळ्या प्रवासात टोकांचा आकार बदलतो आणि त्याच दाबलेल्या मास्टरचाही डीआर तीन-चारने वर दिसू शकतो, इयन शेफर्ड यांनी हे नीट दाखवून दिलंय. डेटाबेसमध्ये विनाइलचे हिरवे आकडे बघून महागडी तबकडी घेणाऱ्यांनी हे आधी वाचावं, डेटाबेसने तिथेच ठळक सूचना द्यायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

काही जण म्हणतील आता स्ट्रीमिंगमध्ये सगळ्या गाण्यांची पातळी सारखी होते, मग कशाला हा खटाटोप. हो, ती चांगलीच गोष्ट झालीय. २००६ मध्ये आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने लाउडनेस, म्हणजे कानाला जाणवणारा मोठेपणा, मोजायची पद्धत ठरवून दिली, २०१० मध्ये युरोपच्या प्रसारण संस्थांनी उणे २३ लफ्स (लाउडनेसचं एकक) ही पातळी धरली, अमेरिकेत तर टीव्हीच्या जाहिराती कार्यक्रमापेक्षा मोठ्या नसाव्यात म्हणून कायदाच आहे, डिसेंबर २०१२ पासून लागू. स्पॉटिफाय उणे १४ लफ्सच्या आसपास आणतं, यूट्यूबही मोठ्या गाण्यांना खाली ओढतं. म्हणजे उणे ७ वर नेऊन ठेवलेलं गाणं तिथे सात डेसिबल खाली येतं, शर्यत जिंकून मिळालं काय, काहीच नाही. पण खाली ओढल्याने छाटलेली टोकं परत येत नाहीत ना. ती गेली ती गेली. त्या पिढीच्या रेकॉर्डिंगला पुढची पन्नास वर्षं लोक त्याच रूपात ऐकणार, आणि जुनी आवृत्ती स्ट्रीमिंगवरून काढून तिथे फक्त रिमास्टर ठेवला की नव्या माणसाला मूळ गाणं कसं होतं हे कळायचा रस्ताच बंद.

माझ्या त्या सीडीचं पुढे काय झालं सांगते. ज्यांच्याकडे दोन्ही आवृत्त्या आहेत असे लोक शोधले, एकेकाला मीटर कसा चालवायचा ते समजावलं, बऱ्याच जणांना वेव्हफॉर्म हा शब्दही माहीत नव्हता पण डोकं जड होतं हे मात्र सगळ्यांना माहीत होतं. तीन वेगवेगळ्या वेळच्या नव्या प्रती मोजल्या, तिन्हींचा आकडा सहाच. मग सगळ्यांचे लॉग, म्हणजे मीटरने दिलेल्या निकालाच्या फाईली, दोन्ही वेव्हफॉर्मची चित्रं आणि ४१ नावं अशी एकच मेल कंपनीला पाठवली, भाषा सभ्य, कोणावर आरोप नाही, मागणी एकच, पुढच्या वेळी छापाल तेव्हा जुना मास्टर वापरा किंवा निदान डाउनलोडला तरी तो पर्याय ठेवा. यावेळी व्हॉल्यूम कमी करा असं उत्तर आलं नाही. कुठली प्रत, कोणता कॅटलॉग नंबर, असं विचारणारं उत्तर आलं आणि मास्टरिंगच्या लोकांकडे पाठवतो म्हणाले. त्याला दोन महिने झाले, अजून पुढचं काही नाही. मी दर महिन्याला एक आठवण पाठवतेय आणि पाठवत राहणार.

तुमच्याकडे अशी एखादी सीडी असेल, आवडती असून कपाटात पडून राहिलेली, तर या आठवड्यात तेवढी एक मोजा. स्ट्रीमिंगवरून रेकॉर्ड केलेली फाईल नको, एमपीथ्री नको, सीडीवरून काढलेली लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळलेली, फाईल घ्या, सगळी गाणी एकदम निवडून मोजा म्हणजे अल्बमचा आकडाही येतो. रिप्लेगेन मोजणीच्या आधी फाईलला कायमचा लावून ठेवलेला नसावा. लॉग डेटाबेसमध्ये टाकताना वर्ष आणि कॅटलॉग नंबर न चुकता लिहा, तो सीडीच्या कण्यावर बारीक अक्षरात असतो, कारण त्याशिवाय कुठली आवृत्ती आहे ते कळत नाही आणि तुमचे कष्ट वाया जातात. आणि त्या अल्बमसाठी अजून कोणी मेल लिहीत असेल तर त्यात आपलं नाव घाला, कोणीच लिहीत नसेल तर पहिली मेल तुम्ही लिहा, माझ्या मेलचा मजकूर हवा असेल तर मागा, मी देते.